चैत्रातलं भेटकलम

चैत्र लागतो, तुर्भ्याच्या फळबाजाराकडून येणाऱ्या वाऱ्याला पेंढ्याचा आणि आंब्याचा वास यायला लागतो, आणि आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांना आपापलं गाव आठवतं. मला माझं नाक आठवतं. हसू नका. ज्याचं नाक जन्मापासून जागेवर आहे त्याला ते आठवायचं काही कारण नसतं. नव्वदच्या दशकातल्या एका चैत्रात माझं नाक नव्यानं करावं लागलं, आणि त्यासाठी कातडी घेतली माझ्याच कपाळाची. तेव्हापासून चैत्रातली पहिली कैरी चिरताना माझी बोटं आपोआप डाव्या नाकपुडीवर जातात, आणि मग चिकाचे हात नाकाला लावले म्हणून मी स्वतःलाच रागावते.

आम्ही तेव्हा नेरूळला नवे होतो आणि नेरूळही नवंच होतं. सिडकोच्या चार मजली इमारती, रुंदच्या रुंद रस्ते, आणि सावली औषधालाही नाही. झाडं लावली होती, पण ती लोखंडी पिंजऱ्यात, गुडघ्याएवढी. मी शाळेत भूगोल शिकवायची. कर्कवृत्त, सूर्याची लंबरूप किरणं वगैरे मुलांना फळ्यावर काढून दाखवायची, आणि भर दुपारी त्याच किरणांखालून उघड्या डोक्यानं घरी यायची. छत्री ही पावसाळ्यातच उघडायची वस्तू, अशी आमच्या माहेरची ठाम समजूत होती.

डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या जरासा वर, एक दाणा आला. मोत्यासारखा चकचकीत. दुखेना, खुपेना. काही दिवसांनी त्याच्यावर खपली धरली, खपली पडली, थेंबभर रक्त आलं, पुन्हा खपली धरली. सगळ्यांचं एकमत झालं की मला चमकी बाधली. मग खड्याची काढून सोन्याची घातली. सोनाराकडे जाऊन, सोन्यात भेसळ असेल म्हणून, त्याच्याशी हुज्जत घातली. शेवटी चमकीच काढली आणि भोक बुजू नये म्हणून त्यात कडुलिंबाची काडी घालून वर्गात उभी राहिले. मुलं भूगोल सोडून काडीकडे बघायची. खालच्या मजल्यावरच्या लेलेकाकूंनी चंदन उगाळून दिलं. करावे गावातून मासे घेऊन येणारी मावशी पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "हलद लाव गो बाय. दोन दिसान बरा व्हईल." मी हळद लावली. चंदन लावलं. दीड वर्ष असं नाकाला नैवेद्य दाखवण्यात गेलं.

माझा नवरा दिनकर. समोर मी त्यांना 'अहो' म्हणते, लिहिताना दिनकर म्हणते, त्यांना चालतं. त्यांच्या पायाला गजकर्ण झालं होतं, म्हणून वाशीच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी त्यांचा पाय बघता बघता मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"पाय राहू दे. तुम्ही या इकडे, ह्या लाइटखाली. हे कधीपासून आहे?"

"चमकी बाधलीय," मी म्हणाले.

त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि चमकीबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. नाकाचा तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सरळ सांगितलं, "कॅन्सर आहे. पण त्यातल्या त्यात भला. हा लांब पळत नाही. जिथे आहे तिथेच पोखरत बसतो. तुम्ही लवकर काढून टाका. नाकपुडीचा बराचसा भाग जाईल, पण तुम्ही राहाल."

तो शब्द तेव्हा घरात कुणी उच्चारत नसे. 'तसलं काहीतरी' म्हणत, आणि आवाज खाली आणत. त्यामुळे 'भला' हा शब्द माझ्या डोक्यात शिरलाच नाही. वाशीहून येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते आणि दिनकर म्हणाले, "घरातलं कोकम संपलंय." मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. घरी आल्यावर ते मोरीत तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. नळ चालू होता. तेव्हा मला कोकमाचा अर्थ कळला.

सर्जन मुंबईचे होते, आठवड्यातून दोनदा वाशीच्या एका नर्सिंग होममध्ये यायचे. तरुण, उंच, आणि बोलताना हातातल्या कागदावर सारखी नाकं काढायचे. ते म्हणाले, "आधी हे सगळं काढायचं. कडा तपासायच्या. कडा स्वच्छ आल्या की मग नाक बांधायचं. नाकाला लागते नाकाच्याच रंगाची, नाकाच्याच जाडीची स्किन. मांडीची लावली तर ठिगळ दिसेल. कपाळाची बेस्ट. कपाळावरून एक पट्टी, म्हणजे फ्लॅप, सोडवायची, पण पूर्ण तोडायची नाही. भुवईपाशी देठ ठेवायचा. पट्टी वळवून खाली आणायची, नाकावर शिवायची. तीन आठवडे देठातून तिला रक्त मिळत राहील. तिथे तिनं जीव धरला की मग देठ कापायचा."

मला एवढंच ऐकू आलं की तीन आठवडे माझ्या तोंडावर एक देठ असणार आहे. आणि दिनकर एकदम पुढे सरकले. "म्हणजे भेटकलम," ते म्हणाले.

"काय?"

मग माझ्या नवऱ्यानं सर्जनला भेटकलम समजावून सांगितलं. त्यांचे वडील देवगडकडचे. जुन्या हापूसच्या फांदीपाशी मांडव करून त्यावर कोयीपासून आलेलं रोप कुंडीसकट ठेवायचं. रोपाची साल तासायची, फांदीचीही साल तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना लावून केळीच्या सोपटानं घट्ट बांधायच्या. फांदी अजून आईच्याच झाडावर. आईचाच रस पिते. दोन-तीन महिन्यांत सांधा जुळला, की मग फांदी आईपासून तोडायची. तोवर हात लावायचा नाही. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत होते. "अहो, सेम! अगदी सेम. किती जगायची हो अशी कलमं?"

"बाबांनी बांधलेली बहुतेक सगळी जगायची," दिनकर म्हणाले, आणि मग प्रामाणिकपणानं भर घातली, "मी बांधलेली मरायची."

डॉक्टर खो खो हसले. मी हसले नाही. माझ्या मनात त्या क्षणापासून एकच गोष्ट रुतून बसली. कॅन्सर निघेल, ठीक. पण कलम धरलं नाही तर? ते काळं पडलं, वाळलं, गळून पडलं, तर मी वर्गात, बाजारात, आरशात कुठलं तोंड घेऊन जाणार? जिवापेक्षा तोंडाची काळजी करते म्हणून मला लाजही वाटत होती. पण खरं सांगते, जीव गेला असता तर काळजी करायला मी नसते. तोंड गेलं असतं तर मी असणार होते.

शिवाय माझं कपाळ मुळात दोन बोटांचं. आई म्हणायची, सटवाईला हिच्या कपाळावर लिहायला जागाच पुरली नाही, तिनं बारीक अक्षरात उरकलं. डॉक्टरांनी पट्टी मोजून पाहिली आणि म्हणाले, "वरचं टोक केसांत जातंय. नाकावर दोन-चार केस येतील हं. उपटत जा." सटवाईनं हे बारीक अक्षरात लिहिलं असणार.

पहिलं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी कडा स्वच्छ असल्याचा निरोप आला आणि दिनकरांनी नर्सिंग होमच्या दारातल्या टपरीवाल्याला, रिक्षावाल्याला, दिसेल त्याला चहा पाजला. मग दुसरं ऑपरेशन. शुद्धीवर आले, तर कपाळाच्या मधोमध बँडेजची पट्टी, आणि डाव्या भुवईपासून निघून डोळ्यांच्या मधून उतरत नाकाला जोडलेला करंगळीएवढा मांसाचा देठ. त्याच्यामुळे चष्मा लावता येईना. माझा नंबर मोठा, त्यामुळे आरशात नुसता धूसर गोळा दिसायचा. देवानं त्या तीन आठवड्यांत माझ्यावर केलेली ही पहिली दया.

घरी आले तेव्हा भेटायला येणारे लोक माझ्याशी बोलताना पंख्याकडे बघत. एक बाई चहाला हात न लावता गेल्या. त्यांना दोष नाही. मीही कदाचित पंख्याकडेच पाहिलं असतं. पण समोरच्या दारातल्या शिंदेवहिनी आल्या, साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान फळबाजारात माथाडी होते. वहिनी माझ्यासमोर स्टुलावर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि माझ्या तोंडाकडे सावकाश, नीट, पोटभर बघून घेतलं.

"आगं बया! आवो ताई, चैतातच गणपती बसला की तुमच्या घरात!"

दिनकर दचकले. मला मात्र असं हसू फुटलं की टाके ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. "हसू नका, हसू नका," म्हणत वहिनीच हसायला लागल्या. कुणीतरी माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं होतं. त्या दिवसापासून रोज दुपारी त्या तांब्याभर पन्हं घेऊन यायच्या, आणि मी ते नळीनं प्यायची. नाकात कापूस भरलेला, त्यामुळे वेलदोडा कळायचा नाही, गूळ मात्र कळायचा. त्यांच्या यजमानांनी पेंढ्यात घातलेले आंबे आणून दिले होते, ते पलंगाखाली पिकत होते, आणि घरभर सुटलेला वास मला सोडून सगळ्यांना येत होता.

दिनकर रोज सकाळी बॅटरी घेऊन माझं नाक तपासायचे. कोकणातली, कलमं बघायची सवय. "आज बरा आहे रंग." "आज जरा काळपट वाटतो का?" सावळ्या माणसाच्या कातडीत काळपट कुठून सुरू होतं हे कोण सांगणार? शेवटी मी त्यांना सांगितलं, बघा, पण बोलू नका. मग ते बोलायचे नाहीत आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायची. चष्मा नसल्यानं तेही जमायचं नाही.

दर चैत्रात मी गौर बसवायची आणि इमारतीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची. त्या वर्षी प्रश्नच नव्हता. शिंदेवहिनींना वेगळंच वाटत होतं. "गौर बसवा. डाळ मी वाटते, बायका मी बोलावते."

"ह्या तोंडानं?"

"त्वांड बघायला बायका यायच्यात, का डाळ खायला? आन् गौरीला ठावं हाय तुमचं त्वांड."

गौर बसली. पितळेच्या पाळण्यात, मोगऱ्याचा गजरा, पुढे कैऱ्या आणि कलिंगडाची कमळं. वहिनींनी आंबेडाळ वाटली, आणि त्यांच्या हाताला तिखट सढळ असल्यामुळे ती खाताना सगळ्यांच्याच नाकातून पाणी आलं, म्हणजे त्या दिवशी मी एकटी नव्हते. मी बायकांना कुंकू लावत गेले. पण मला परत लावायची वेळ आली की प्रत्येकीचं बोट अर्ध्यावर थांबायचं. कपाळावर पट्टी. कुठे लावणार? वहिनींनी माझं मंगळसूत्र उचलून त्याला हळदकुंकू लावलं, मग बाकीच्यांनीही तसंच केलं, आणि सगळं सुरळीत चाललं.

मग लेलेकाकू उठल्या. वय पंचाहत्तरीचं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करा म्हटलं की 'पुढच्या थंडीत' म्हणणाऱ्या. त्यांनी सवयीनं कोयरीत बोट बुडवलं, डाव्या हातानं माझी हनुवटी धरली, पांढरी पट्टी त्यांना कळली, ती चुकवून बोट खाली आणलं, आणि पुढे जे उंचवट्यासारखं लागलं त्यालाच कपाळ समजून कुंकू टेकवलं. नाकावर. नव्या, ओल्या, टाक्यांच्या कातडीवर.

सगळ्या बायका ओरडल्या. मी मात्र जागच्या जागी बसून राहिले, कारण मला ते बोट नाकावर लागलंच नव्हतं. ते लागलं होतं कपाळावर. भुवयांच्या वर, मधोमध, जिथे लग्नापासून रोज लागत आलं होतं, बरोबर तिथे. थंड, गोल, नेहमीसारखं.

"वहिनी," मी म्हणाले, "मला कुंकू कपाळाला लागलं."

"भरमलात काय? नाकाला लागलंय, पुसा आदी!"

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं. "टेन्शन देता राव! कुंकू? ओपन फ्लॅपवर?" त्यांनी पुन्हा पुन्हा धुतलं, औषध लावलं, दोन दिवसांनी परत बोलावलं. काही झालं नव्हतं. मग मी त्यांना कपाळाचं सांगितलं, आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. म्हणाले, "बरोबर आहे. देठ आहे तोवर रक्तही कपाळाचं आणि संवेदनाही कपाळाची. मेंदूला कुठे माहीत आहे आम्ही पट्टी हलवली ते! पण देठ कापला की हे नाक बधिर होणार. पुढे आजूबाजूच्या नसा आत शिरल्या तर शिरतील. महिने लागतात. कधी कधी नाहीही शिरत. सवय होते लोकांना."

देठ कापायच्या आधी त्यांनी त्याला मऊ चिमटा लावला आणि रक्त बंद केलं. आता आईच्या झाडाचा रस बंद. नाकानं स्वतःच्या जिवावर जगायचं. आम्ही वाट बघत राहिलो. नर्सबाई घड्याळ बघत होत्या, दिनकर दाराशी, मी डोळे मिटून. मग डॉक्टरांनी एक बारीक सुई घेतली आणि नाकाच्या टोकाला टोचली. माझा हात झटकन कपाळाकडे गेला. आणि दिनकरांचा आवाज आला, बालवर्गातल्या पोरासारखा, "लाल आहे! डॉक्टर, लाल आहे!"

"लालच असणार," डॉक्टर म्हणाले. "धरलंय तुमचं भेटकलम."

तो रक्ताचा थेंब मी पाहिला नाही. मला चष्मा नव्हता. पण दिनकरांना अजून विचारा, ते त्याचं असं वर्णन करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी कुठे सूर्योदय पाहिला.

आता ह्याला पुष्कळ वर्षं झाली. पिंजऱ्यातली झाडं तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली, रस्त्यावर सावली आली, आणि मी बारा महिने छत्री घेऊन फिरणारी बाई म्हणून सेक्टरात प्रसिद्ध झाले. शिंदेवहिनी मुलाकडे खारघरला गेल्या. फोनवर अजून 'गनपती बरा हाय का' विचारतात. लेलेकाकू गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत केलं नाही, आणि माझ्या नाकाला त्यांनी कुंकू लावलं हेही त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. नाकावर खरोखरच तीन केस येतात. दर रविवारी दिनकर खिडकीपाशी मला बसवून चिमट्यानं ते उपटतात. ह्या वयात नवरा-बायकोनं एकमेकांचे चेहरे इतक्या जवळून बघायला काही निमित्त लागतं, ते आम्हाला आयतं मिळालं आहे. मी नशीबवान आहे, आणि हे मी देवासमोर म्हणते तितक्याच सहज भाजी निवडतानाही म्हणते. पाय दाखवायला गेलेल्या माणसाबरोबर मी उगाच गेले नसते, बाईंनी मान वर केली नसती, तर आज हे लिहायला कोण असतं?

पण एक गोष्ट सांगायची राहिली. देठ कापला त्या वर्षी, शाळा सुरू झाली, मी वर्गात उभी राहिले, मुलांनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी त्यांचा रस संपला. नाक दिसायला चांगलं झालं होतं. लोक कौतुक करायचे. फक्त ते माझं नव्हतं. बोट लावलं तर बोटाला नाक कळायचं, नाकाला बोट कळायचं नाही. चहाची वाफ गालाला लागायची आणि मधे थांबून पलीकडच्या गालावर निघायची. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा झाला. कुणाला सांगू शकत नव्हते, कारण इतकं सगळं मिळाल्यावर वर आणखी मागायला लाज वाटत होती. जीव वाचला, तोंड वाचलं, आता काय नाकाला गुदगुल्याही हव्यात? पण मला हव्या होत्या. भाड्याच्या घरात राहावं तशी मी त्या नाकाखाली राहत होते.

दिवाळी जवळ आलेली. दिवेलागणीची वेळ. खाडीवरून डासांचा थवा ठरल्या वेळी आत शिरला होता. नेरूळमध्ये राहायचं तर हा कर भरावाच लागतो. मी ओट्याशी चकलीची भाजणी मळत होते, दोन्ही हात पिठात. आणि एकदम टोचलं. बारीक, तीक्ष्ण, झणझणीत. माझा पिठाचा हात उठला आणि वर कपाळाकडे न जाता सरळ नाकावर गेला. नव्या नाकपुडीवर. जिथे चावलं होतं, तिथेच.

"अहो!" मी ओरडले. "अहो, नाकाला चावला! नाकालाच!"

दिनकर वर्तमानपत्र टाकून धावत आले. "कोण?"

"डास!"

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या नाकावर भाजणी, नाकपुडीला गांधी उठत चाललेली, आणि मी रडत होते. त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते वळले, मोरीकडे निघाले, मग थांबले आणि परत आले. ह्या वेळी त्यांनी नळ सोडला नाही.

"कॉइल लावू का?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"आज नको," मी म्हणाले.